दोन माणसांची गाडी

दादा शोरूमच्या चकचकीत फरशीवर उताणा पडून गाडीखाली सरकला आणि टायवाल्या विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, अहो, सगळी माहिती पत्रकात छापलेली आहे."

"पत्रकाला चिखल लागत नाही," खालून आवाज आला. "गाडीला लागतो. टॉर्च आहे का तुमच्याकडे?"

टायवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. माझ्या भावाला गाडीखालून ओढून काढणं मला जन्मात जमलेलं नाही, याला काय जमणार? आम्ही थेट कामावरून आलो होतो. दादाच्या अंगावरचा लाकडाचा भुसा फरशीवर सांडला होता आणि एक बाई लांबून झाडू घेऊन आमच्या जाण्याची वाट बघत उभी होती.

आम्ही झाडं तोडतो. म्हणजे जंगलं नव्हे. कुणाच्या छपरावर कललेलं, कुणाच्या तारांत घुसलेलं, भिंत फोडून आत येऊ बघणारं, अशी झाडं. दादा वर चढतो, मी खाली दोर धरतो. गावात आम्हाला नावाने कुणी ओळखत नाही. तो 'वरचा' आणि मी 'खालचा'. घरी तो मला 'ढापण्या' म्हणतो, कारण मला शाळेपासून चष्मा आहे आणि त्याची नजर घारीची.

फांदी कापायच्या आधी तिला दोर बांधायचा, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली खोडाला वेढा द्यायचा आणि फांदी तुटली की मी तो हळूहळू सैल सोडायचा, अशी आमची पद्धत. शिवाय दादाच्या कंबरेपासून माझ्या हातापर्यंत एक बारीक दोरी असते. करवतीच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, आणि गेली तरी ती मारायची नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. वरच्याशी बोलायचं नाही. बोललं की तो वळून बघतो, आणि वळून बघणारा पडतो. दोरीला एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीस वर्षं आम्ही याच दोन शब्दांवर काढली आणि आमचं भांडण फारसं झालं नाही. बहुतेक घरांत शब्द जास्त असतात.

जुन्या पिकअपची फक्त मागची चाकं ओढायची. ओल्या उतारावर ती नाचायला लागली की आम्ही सगळी लाकडं उतरवायची, गाडी वर न्यायची आणि लाकडं पुन्हा खांद्यावरून भरायची. माझी कंबर त्यातच गेली. म्हणून चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं. वाद होता तो केबिनचा.

सिंगल केबिनला दोनच जागा, पण मागचा सामानाचा हौदा लांबलचक. आमच्या ओंडक्यांना, शिडीला, दोरांना तोच हवा. डबल केबिनला मागे आणखी एक सीट, पण हौदा तेवढा आखूड. मी सिंगलच्या बाजूचा होतो. वहिनी दारातून आत आल्या त्या सरळ डबल केबिनच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन म्हणाल्या, "मी इथून उठणार नाही."

"वहिनी, ती गाडी बघायला ठेवलीय," मी म्हणालो.

"मग बघा. लग्न झाल्यापासून मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसते, भाऊजी. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यात. तिसरा टाकला की दुखतं, चौथा टाकला की बरं वाटतं. आता मला खिडकी पाहिजे."

दादा गाडीखालून हसला. "खिडकीतून काय बघणार?"

"तळं बघणार. घाटापलीकडचं. तुम्ही म्हणाला होतात ना नेतो म्हणून?"

घाटापलीकडचं ते तळं म्हणजे आमच्या घरातली जुनी गोष्ट. लग्नानंतर दोघं एकदाच तिथे गेले होते. दादाने मासे धरले, एकही खाण्याजोगा नव्हता, आणि वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी तो दिवसभर बोलत होता. पुढे रस्ता खचला, आणि जुनी पिकअप त्या चढावर कधी पोचलीच नाही. 'नवी गाडी आली की जाऊ' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते आता भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं होतं. त्याकडे कुणी बघत नव्हतं.

"ही गाडी तर कामालाही आणि मौजेलाही," टायवाला लगेच म्हणाला. संधी साधण्यात तो वाकबगार होता.

दादा गाडीखालून बाहेर आला, उठला आणि हात झटकत वळताना त्याची नडगी काचेच्या टेबलावर आपटली. पत्रकं खाली पडली. "हे इथे कोण ठेवतं?" तो खेकसला. टेबल मगापासून तिथेच होतं. मी हसलो आणि म्हणालो, "नवी गाडी बघितली की म्हाताऱ्यांचं असं होतं."

वहिनी हसल्या नाहीत. ते माझ्या लक्षात राहिलं, पण त्या वेळी मी त्याचा अर्थ लावला नाही.

चालवून बघायला निघालो तेव्हा दादा स्टिअरिंगवर, मी त्याच्या डाव्या बाजूला आणि मागे वहिनी व टायवाला. दादाने गाडी सरळ जुन्या खाणीच्या वाटेला घातली. खडी, खड्डे आणि शेवटी भिंतीसारखा चढ. "काका, हा आमचा रस्ता नाही," मागून टायवाला म्हणाला. दादाने खालचा गिअर घेतला, चारही चाकांचा जोर लावला आणि गाडी घोरपडीसारखी त्या चढाला चिकटून वर गेली. वर पोचल्यावर दादाने इंजिन बंद केलं आणि तो हसायला लागला. मोठ्याने, डोकं मागे टाकून. मी माझ्या भावाला तसं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हीच," तो म्हणाला. "मागच्या सीटवाली. ढापण्या, तुझी लाकडं दोन खेपांत नेऊ. हिला खिडकी मिळू दे."

मला थोडा राग आला आणि बराच आनंद झाला. वहिनींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना बाजाराच्या बाजूने यावं लागलं. रस्ता मोकळाच होता. डाव्या कडेने एक पाववाला सायकलवरून चालला होता, मागे पावांनी भरलेली मोठी पाटी. मी त्याला लांबूनच पाहिलं होतं. पुढे खड्डा होता म्हणून तो हळूहळू रस्त्याच्या मध्ये येत होता. दादाने वेग कमी केला नाही. मला वाटलं, आता करेल. घारीची नजर. आता करेल. मग मला कळलं की तो करणार नाही.

कुणीही शहाणा माणूस ओरडला असता. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तीस वर्षांचा नियम माझ्या घशात बसला होता. माझा हात मात्र आपोआप दादाच्या छातीवरच्या पट्ट्याकडे गेला आणि मी तो खसकन ओढला. एक हिसका.

दादाने विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. पाय ब्रेकवर दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि तरीही पुढून एक बारीकसा कडकड आवाज आलाच.

सायकलचं मागचं चाक आमच्या बंपरखाली वाकलं होतं. पाववाला रस्त्यावर बसला होता, कोपर सोललेलं, तोंडाचा आ वासलेला. पाव चारी दिशांना. लोक जमले. टायवाला कागदासारखा पांढरा पडून फोन लावत होता. दादा उतरला, पाववाल्याच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, "कुठून आलास रे बाबा तू?"

"कुठून म्हणजे? पुढेच होतो की!" पाववाला जवळजवळ रडत होता. "मगापासून तुमच्या पुढेच आहे!"

दादाने पाटी उचलून सरळ ठेवली. तो पाव गोळा करायला लागला. एकेक उचलायचा, शर्टाला पुसायचा, पाटीत ठेवायचा. समोरचे झाले, उजवीकडचे झाले. त्याच्या डाव्या पावलाशी एक पाव पडला होता, चपलेला टेकलेला. दादा उठला, म्हणाला, "झाले सगळे," आणि तो पाव तिथेच राहिला.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी तो पाव उचलला, दादाच्या हातात दिला, आणि त्याने तो काही न विचारता पाटीत ठेवला. या दोघांनी हे घरात किती वेळा केलं असेल, ते त्या एका हालचालीत मला दिसलं.

पाववाल्याला नवी सायकल द्यायचं कबूल करून, त्याला मलमपट्टीला नेऊन, गाडी शोरूमला परत करून आम्ही घरी आलो. दादा मागच्या छपरीत गेला. मी स्वयंपाकघरात वहिनींच्या समोर उभा राहिलो.

"कधीपासून?"

वहिनींनी फ्रिज उघडून एक लहानशी बाटली ओट्यावर ठेवली. डोळ्यांत घालायचे थेंब होते. "काचबिंदू. कडेचं दिसणं आधी जातं म्हणाले डॉक्टर. मधलं अजून आहे. तेही जाईल. गेलेलं परत येत नाही. दीड वर्ष झालं कळून."

"आणि दीड वर्ष तो झाडावर चढतोय?"

"झाडावर ते हातांनी बघतात, भाऊजी. झाडावर असले की मला त्यांची भीती वाटत नव्हती. रस्त्यावरच वाटायची."

माझं डोकं फिरलं. "वहिनी, मी झाडाखाली असतो!"

एवढ्या मोठ्या आवाजात मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. छपरीतला कानशीचा आवाज थांबला. वहिनींनी पदराने हात पुसले. पुसायला काही नव्हतं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तुमच्यासाठीच मी विचारायचे, आज कुठलं झाड? लहान असलं की चहा घशाखाली उतरायचा. सांगायला हवं होतं. पण ते म्हणाले, घरी बसवलंस तर मी मरेन. मी माझ्या माणसाकडे बघितलं. तुमच्याकडे नाही बघितलं. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते. गाडी आली की एकदा ते तळं त्यांना दिसू दे, मग मीच तुम्हाला सांगणार होते."

मी शिव्या द्यायच्या तयारीने छपरीत गेलो.

दादा करवतीच्या साखळीचे दात कानशीने घासत बसला होता. प्रत्येक दात अंगठ्याने चाचपायचा, तीनदा घासायचा, पुढचा. वर न बघता त्याने विचारलं, "मागच्या हिवाळ्यात शाळेमागचं सुरूचं झाड उतरवलं. त्याची मोठी फांदी आली तेव्हा तू किती लांब होतास?"

मला ती फांदी चांगलीच आठवत होती. दोर ताणायच्या आधीच ती आली होती. मी वाऱ्याला दोष दिला होता, आणि संध्याकाळी आम्ही त्यावर हसलोही होतो.

"हातभर," मी म्हणालो.

"हातभर." त्याने कानस खाली ठेवली. "मी खाली बघितलं होतं, ढापण्या. कापायच्या आधी बघतो ना मी नेहमी? तू दिसला नाहीस. म्हणून धरलं की तू लांब आहेस."

मी ज्या शिव्या घेऊन आलो होतो त्या सगळ्या जिभेवर वाळून गेल्या. तो माझ्याकडे बघत होता, पण थोडा बाजूला. मग त्याने मान वळवली, मला शोधलं आणि नजर माझ्यावर आणून ठेवली. माझा भाऊ मला शोधतोय, मी त्याच्यापासून दोन पावलांवर उभा असताना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी एक पाऊल बाजूला झालो असतो तरी त्याला ते दिसलं नसतं, हे लक्षात आलं तेव्हा आणखी आलं.

"रडतोस काय? पडली नाही ना अंगावर?" दादा म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर तो झाडावर चढला नाही. आम्हाला त्याला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चालत बांधकामाच्या साइटवर गेला आणि परांची बांधणाऱ्या एका माणसाला घेऊन आला. चाळिशीचा, काटक, वेलीसारखे हात. "हा वरचा," दादा मला म्हणाला. "उंचीला घाबरत नाही, दारू पीत नाही. मी विचारलंय सगळं. गाठी मी शिकवतो याला." आणि आठवडाभर आमच्या अंगणातल्या खांबावर तो त्या माणसाला गाठी शिकवत बसला. डोळे मिटून शिकवायचा. "बघून बांधलेली गाठ वर उपयोगाची नाही," म्हणायचा.

टायवाल्याचा फोन आला. डबल केबिन बाजूला काढून ठेवलीय, काय करायचं? दादाने फोन माझ्या हातातून घेतला.

"डबल नको. सिंगल द्या. लांब हौदा."

मी फोन परत घ्यायला गेलो तर त्याने तो दुसऱ्या कानाला लावला. "हो, चारही चाकांचीच. मौजेचं काढून टाका, कामाचं ठेवा."

"दादा, दोनच जागा आहेत त्यात," फोन ठेवल्यावर मी म्हणालो.

"दोनच माणसं लागतात. वरचा आणि खालचा."

"आणि तू?"

"मी मागच्या सीटवर बसून काय करू? झाड पडलं की टाळ्या वाजवू?"

"ढिगाने कामं असतात खालची. दोर आवरायचे, फांद्या ओढायच्या."

"ज्याला बाजूचं दिसत नाही तो पडत्या झाडाखाली नको. तू एकदा वाचलास." मग तो थोडा मऊ झाला. "तुम्ही मला घेऊन जाल रे. मायेने न्याल. मग सारखं माझ्यावर लक्ष ठेवाल, आणि तेवढ्यात फांदी येईल. नको. गाडीत जागाच नसली की प्रश्नच नाही. मी रोज दारात उभा राहून म्हणणार नाही, मी येऊ का? आणि तुम्हाला नाही म्हणावं लागणार नाही."

हे त्याने आधीच ठरवून ठेवलेलं होतं. झाड कुठे पडेल ते जसं तो कापण्याआधी ठरवायचा, तसंच. माझा राग तोवर गेला होता असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर, त्याच्याशिवाय कामावर जायचं म्हटल्यावर मला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आणि माझी खिडकी?" त्या वळल्या नाहीत.

"ढापण्या नेईल तुला," दादा म्हणाला. "एखाद्या सुट्टीला. दोघांची जागा आहेच."

"मी एकटी जाऊन काय बघू तिथे? आणि येऊन तुम्हाला काय सांगू? पाणी होतं म्हणून?"

"भाड्याने गाडी करून जाऊ," दादा म्हणाला. आम्हा तिघांनाही माहीत होतं की त्या खचलेल्या चढावर भाड्याची गाडी येत नाही. वहिनींनी कुकरचं झाकण लावलं.

गाडी घ्यायला आम्ही चौघं गेलो. पांढरी, सिंगल केबिन, लांब हौदा. दादाने तिला एक पूर्ण फेरी मारली, तळहात पत्र्यावरून न उचलता. पुढचा दिवा, दार, हौद्याची कड. मागे जाऊन त्याने फाळका खाली पाडला, पुन्हा लावला, पुन्हा पाडला. कडीचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. यावेळी खाली पडून बघायला मात्र तो गेला नाही.

टायवाल्याला फोटो हवा होता. मालक मध्ये, बाकीचे बाजूला. दादाने मला आणि परांचीवाल्याला धरून पुढे केलं. "ज्यांना चालवायचीय त्यांचा काढा," तो म्हणाला आणि स्वतः फ्रेमच्या बाहेर जाऊन उभा राहिला. परांचीवाला अवघडला. आजवर त्याचा फोटो बहुधा ओळखपत्रापुरताच निघाला असावा.

"दादा, तुम्ही दोघं भाऊ बसा," तो म्हणाला. "मी येतो चालत."

"पहिल्या दिवशी गाडी कामाला जाते," दादा म्हणाला. "दवाखान्याच्या भिंतीवरचं झाड आज उतरवायचंय. उशीर करू नका. आणि तू," तो माझ्या दिशेने वळला, "याच्याशी वर असताना बोलू नकोस."

मी गाडी सुरू केली. परांचीवाला पट्टा बांधून, गुडघे जुळवून, पाहुण्यासारखा बसला होता. फाटकापाशी रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा मी बाहेर पाहिलं.

दोघं घराकडे निघाले होते. वहिनी त्याच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल पुढे. त्याने त्यांचा हात धरला नव्हता आणि त्यांनीही त्याचा धरला नव्हता. त्या सरळ समोर बघत चालत होत्या, ओळखीच्या कुणी पाहिलं तर दोघं बाजाराला निघालेत असं वाटावं. फक्त खड्डा आला, उंचवटा आला, की वहिनी काहीतरी पर्समध्ये शोधायच्या निमित्ताने थांबत, आणि मग तोही थांबे.